आजीचं तूप नापास झालं तेव्हा: एका आकड्याची आणि तिळाच्या तेलाची गोष्ट

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला तुपाच्या तपासणीचं प्रॅक्टिकल होतं. सर म्हणाले, दुकानातल्या नमुन्यांशी तुलना करायला कुणीतरी घरचं तूप आणा. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. घरी दोन म्हशी, आणि तूप आजी स्वतः कढवते. मी मोठ्या ऐटीत डबा घेऊन गेले. माझ्या मते तो डबा म्हणजे शुद्धतेचं प्रमाणपत्रच होतं.

दोन दिवस खपून आकडा काढला. तुपाचा रायकर्ट-माइसल आकडा, म्हणजे ज्याला लॅबमध्ये सगळे नुसतं 'आरएम' म्हणतात, तो आला 23च्या आसपास. भिंतीवर लावलेल्या जुन्या तक्त्यात लिहिलं होतं: तूप, किमान 28. आजीचं तूप नापास! मित्रांना आयतंच निमित्त मिळालं. "काय गं, आजी डालडा मिसळते का?" मी पुन्हा टायट्रेशन केलं, रसायनं बदलली, मैत्रिणीकडून करून घेतलं. आकडा जागचा हलला नाही.

आज मी पीएचडी करतेय ती वेगळ्याच विषयात. पण संशोधनाला सुरुवात करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना मला दर वेळी हेच प्रॅक्टिकल आठवतं. चूक टायट्रेशनमध्ये नव्हती आणि आजीचीही नव्हती. चूक कुठे होती हे समजायला मला त्या 28 या आकड्याचा इतिहास वाचावा लागला. तोच आज सांगते.

आकडा आला कुठून?

आधी चाचणी थोडक्यात. 5 ग्रॅम तूप घ्यायचं, अल्कलीबरोबर तापवून त्याचा साबण करायचा, मग आम्ल घालून त्यातली मेदाम्लं मोकळी करायची आणि ऊर्ध्वपातन करायचं. जी मेदाम्लं वाफेबरोबर उडून येतात आणि पाण्यात विरघळतात, ती उदासीन करायला 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड किती मिली लागलं, तो आकडा म्हणजे आरएम. ही उडून येणारी आम्लं म्हणजे मुख्यतः ब्युटिरिक आम्ल. दुधाच्या मेदात ते भरपूर असतं, बाकीच्या खाद्य तेलांत आणि चरबीत जवळपास नसतं. म्हणून आकडा मोठा तर दुधाचा मेद, आणि छोटा तर त्यात दुसरं काहीतरी, असा सरळ हिशेब.

ही चाचणी तुपासाठी जन्माला आलेलीच नाही. 1869 मध्ये फ्रान्समध्ये मेज-मूरिए नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने गुरांच्या चरबीपासून लोण्यासारखा पदार्थ तयार केला. तोच मार्गरीन. काही वर्षांतच युरोपच्या बाजारात मार्गरीन लोणी म्हणून विकलं जाऊ लागलं आणि लोणी उत्पादक शेतकरी हवालदिल झाले. दिसायला सारखं, चवीला जवळपास सारखं, मग ओळखायचं कसं? एमिल रायकर्टने 1879 मध्ये उडणाऱ्या आम्लांवर आधारलेली पद्धत मांडली, आणि माइसलने लगेचच तिच्यात सुधारणा केली. किती आकडा आला की लोणी 'खरं' म्हणायचं, हे ठरलं ते युरोपातल्या गायींच्या लोण्यावरून.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये कायद्याची बाजू उभी राहत होती. 1820 मध्ये फ्रेडरिक अ‍ॅकुम याने भेसळीवर पुस्तक लिहून खळबळ उडवून दिली होती. 1850च्या दशकात आर्थर हिल हॅसल याने सूक्ष्मदर्शकाखाली कॉफी, मोहरी, मिरपूड तपासली आणि भेसळ सापडलेल्या व्यापाऱ्यांची नावं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. 1875 च्या कायद्याने गिऱ्हाईकाने मागितलेल्या वस्तूच्या प्रकृतीची, घटकांची आणि दर्जाची नसलेली वस्तू विकणं गुन्हा ठरलं, आणि तपासणीसाठी 'पब्लिक अ‍ॅनालिस्ट' हे पद पक्कं झालं. आपल्याकडचे नंतरचे कायदे याच साच्यातले आहेत. म्हणजे आपण चाचणीही बाहेरून घेतली आणि कायद्याचा साचाही. त्यात माल मात्र इथला, आणि गुरंही इथली.

भेसळ म्हणजे नक्की काय?

1860 च्या भारतीय दंड संहितेत 272 आणि 273 ही कलमं होती. पण त्यांचा रोख आरोग्याला अपायकारक वस्तूंवर होता. तुपात चरबी मिसळली तर ते विषारी होतं असं नाही. मग गुन्हा कोणता?

हा प्रश्न 1917 मध्ये कलकत्त्यात पेटला. बाजारातल्या तुपात जनावरांची चरबी असल्याचं उघड झालं आणि शहरात हाहाकार माजला. असं तूप खाल्ल्यामुळे बाटलो, म्हणून शेकडो ब्राह्मण हुगळीच्या काठी प्रायश्चित्तासाठी बसले. मारवाडी समाजाच्या पंचायतीने दोषी व्यापाऱ्यांना दंड केले. सरकारला त्याच वर्षी घाईने कायद्यात दुरुस्ती करावी लागली, आणि 1919 मध्ये बंगालचा स्वतंत्र भेसळविरोधी कायदा आला.

इथे जरा थांबा, कारण संशोधनाच्या दृष्टीने हा प्रसंग फार शिकवणारा आहे. एकाच डब्याबद्दल तीन माणसं तीन वेगवेगळे प्रश्न विचारत होती. डॉक्टरचा प्रश्न: यामुळे आजार होईल का? कायद्याचा प्रश्न: मागितलं तेच दिलं का? आणि गंगाकाठी बसलेल्या माणसाचा प्रश्न: ही चरबी कुणाची? आरएमने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, तेही अर्धंच. दुधाचा मेद कमी आहे एवढं कळतं. त्याच्या जागी काय घातलं हे कळत नाही. लोकांना ज्या प्रश्नाने झोप लागत नव्हती, त्याचं उत्तर त्या आकड्यात नव्हतंच.

मुंबई इलाख्यातही 1925 मध्ये भेसळ प्रतिबंधक कायदा झाला. पण प्रांताप्रांताचे कायदे वेगळे, प्रमाणं वेगळी. एका प्रांतात पास झालेला माल दुसऱ्यात नापास होऊ शकत होता.

डालडा आल्यावर गणित बदललं

जनावराची चरबी लपवणं त्रासाचं होतं. वास येतो, पोत वेगळा दिसतो. 1902-03 च्या सुमारास विल्हेल्म नॉर्मानने तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याचं तंत्र आणलं आणि ती अडचण संपली. शेंगदाण्याच्या तेलापासून पांढरं, दाणेदार, वास नसलेलं 'वनस्पती तूप' तयार होऊ लागलं. 1930च्या दशकात मुंबईत शिवडीला कारखाना उभा राहिला आणि 1937 मध्ये डालडा बाजारात आला. वनस्पती स्वतः भेसळ नव्हती. डब्यावर नाव लिहून राजरोस विकला जाणारा माल होता तो. पण तुपात मिसळायला याहून सोयीचं दुसरं काही नव्हतं.

आरएम इथे कसा कमी पडतो, ते वहीत करून बघा. समजा चांगल्या म्हशीच्या तुपाचा आरएम 32 आहे आणि वनस्पतीचा जवळपास शून्य. कायद्याची किमान मर्यादा 28. तर 32 चं 28 व्हायला किती वनस्पती घालावी लागेल? साडेबारा टक्के. म्हणजे शंभर किलो मालात साडेबारा किलो वनस्पती घाला, आकडा बरोब्बर 28 येईल आणि तूप पास! जितकं मूळ तूप चांगलं, तितकी भेसळीला जागा जास्त. किमान मर्यादा भेसळ करणाऱ्याला थांबवत नाही, कुठे थांबायचं ते फक्त सांगते.

दुधातला लॅक्टोमीटर हे याचंच साधं उदाहरण. मेद पाण्यापेक्षा हलका, म्हणून साय काढली की दुधाची घनता वाढते. मग त्यात पाणी घातलं की घनता उतरते. दोन लबाड्या एकमेकींना झाकतात आणि लॅक्टोमीटर निमूटपणे बरोबर आकडा दाखवतो. म्हणून नंतरच्या कायद्यात दुधासाठी मेद आणि मेदेतर घनपदार्थ असे दोन वेगळे आकडे तपासायची पद्धत आली.

चांगल्याला मोजण्याऐवजी वाईटावर खूण

इथे इतिहासात एक सुंदर वळण येतं. तूप किती शुद्ध आहे हे मोजण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा वनस्पतीलाच अशी खूण का करू नये, की ती कुठेही मिसळली तरी ओळखू येईल?

सगळ्यात पहिली सूचना अर्थातच रंगाची होती. वनस्पतीला रंग द्या, म्हणजे डोळ्यांनीच दिसेल. ही मागणी वर्षानुवर्षं झाली. गांधीजींनीही वनस्पतीविरुद्ध 'हरिजन'मधून लिहिलं, आणि स्वातंत्र्यानंतर संसदेतही हा विषय गाजला. पण रंगाकडून अपेक्षा काय काय होत्या बघा: तो निरुपद्रवी हवा, तापवल्यावर उडून जाता कामा नये, कुणाला गाळून काढता येऊ नये, आणि तरीही स्वयंपाकात नकोसा वाटू नये. या सगळ्यांत बसणारा रंग सापडला नाही.

मग डोळ्यांना न दिसणारी, पण परीक्षानळीत दिसणारी खूण निवडली गेली: तिळाचं तेल. कल्पना नवी नव्हती. जर्मनीत 1897 च्या कायद्याने मार्गरीनमध्ये 10 टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं होतं, लोण्यातली भेसळ पकडता यावी म्हणून. आपल्याकडे वनस्पतीमध्ये किमान 5 टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती आली.

ही खूण पकडणारी चाचणी म्हणजे बोदुआँ चाचणी. 5 मिली वितळलेलं तूप, तेवढंच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात फर्फ्युरालच्या द्रावणाचे काही थेंब. दोन मिनिटं जोरात हलवायचं आणि थर वेगळे होऊ द्यायचे. खालचा आम्लाचा थर गुलाबी-लाल झाला आणि पाणी घातल्यावरही रंग टिकला, तर तिळाचं तेल आहे. तिळातल्या सेसॅमॉलसारख्या संयुगांमुळे हा रंग येतो. गाईम्हशीच्या शुद्ध तुपात ती नसतात. ऊर्ध्वपातन नको, दोन दिवस नकोत. तालुक्याच्या ठिकाणच्या साध्या लॅबमध्येही दहा मिनिटांत निकाल. भारतासारख्या देशात, जिथे लॅब कमी आणि नमुने अफाट, तिथे ही गोष्ट लाखमोलाची होती.

खूण पुसट होऊ नये याचीही काळजी घेतलेली दिसते. वनस्पतीतला मेद शेंगदाण्याच्या रिफाइंड तेलात 20 ला 80 या प्रमाणात मिसळला तरी बोदुआँचा रंग लोव्हिबॉन्ड मोजपट्टीवर 2 लाल एककांपेक्षा फिका येता कामा नये, अशी अट घातली गेली. म्हणजे पाचपट पातळ झाल्यावरही चोर पकडला गेला पाहिजे. इथे चाचणीची संवेदनशीलता आधी ठरली आणि त्यावरून मालाची घडण ठरली. हे उलटं डिझाइन मला आजही भारी वाटतं.

आजीच्या तुपाची बोदुआँ चाचणी मी केली होती. रंग आला नाही. म्हणजे डालडा नव्हता. मग आरएम 23 का?

सरकीचा पट्टा

राज्यघटनेने भेसळ हा विषय समवर्ती सूचीत टाकला, म्हणून केंद्राला देशभरासाठी एक कायदा करता आला. तो म्हणजे 1954 चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, 1 जून 1955 पासून लागू झालेला. आता वाटेल की सगळ्या देशाला एकच आकडा लागू झाला असेल. नाही. त्या कायद्याच्या नियमांत तुपाचं प्रमाण राज्यवार तक्त्यात दिलेलं होतं. दिल्ली, बिहार: 28. महाराष्ट्र: 26. कर्नाटकात 24, पण त्यातही बेळगाव जिल्ह्याची ओळ वेगळी आणि तिथे 26. गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांपुढे आणखी एक ओळ: 'कापूस पट्ट्याचे भाग', किमान आरएम 21.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो ही ओळ वाचून. कापूस पट्टा म्हणजे जिथे गुरांना मोठ्या प्रमाणावर सरकी खाऊ घालतात तो भाग, अशी त्याची व्याख्या होती. सरकीतलं तेल गुराच्या पोटात गेलं की दुधाच्या मेदात लांब साखळीची मेदाम्लं वाढतात आणि ब्युटिरिकसारखी छोटी आम्लं कमी होतात. आरएम उतरतो. त्याच वेळी अपवर्तनांकाचं, म्हणजे बीआर रिडिंग चढतं. म्हणून तक्त्यात इतर महाराष्ट्रासाठी बीआर 40 ते 43, तर कापूस पट्ट्यासाठी 41.5 ते 45. दोन्ही आकडे नेमके भेसळीच्या दिशेने सरकतात! एवढंच काय, सरकीच्या तेलाची भेसळ ओळखणारी हॅल्फेन चाचणीसुद्धा सरकी खाणाऱ्या म्हशीच्या शुद्ध तुपाला 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. दुधात कुणी काही मिसळलेलं नसतं. मिसळण झालेली असते ती म्हशीच्या पोटात.

आता हे प्रॅक्टिकलमधून बाहेर काढून बघा. 1954 च्या कायद्यात पुढच्या दुरुस्त्यांनंतर किमान शिक्षा सहा महिने कैद आणि 1000 रुपये दंड अशी झाली. "मला माहीत नव्हतं" हा विक्रेत्याचा बचाव कायदा मानत नव्हता. यवतमाळच्या बाजारात कढवलेलं तूप विकणाऱ्या बाईचा नमुना उचलला गेला असता आणि त्याला 28 चा तक्ता लावला असता, तर 23 हा आकडा तिला तुरुंगात नेणारा ठरला असता. आमच्या लॅबच्या भिंतीवरचा तो तक्ता कुण्या उत्तरेकडच्या पुस्तकातून उतरवला होता. आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं की हा 28 कुठल्या म्हशीचा?

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे बघायला हवी. मर्यादा 21 वर आणली की आमच्या आजीला न्याय मिळतो, आणि भेसळ करणाऱ्याला मोकळं रानही मिळतं. मघाचंच गणित पुन्हा करा. आरएम 32 चं तूप बाहेरून आणायचं, त्याचं 21 करायचं आणि कापूस पट्ट्यातलं म्हणून विकायचं. वनस्पतीला जागा किती? जवळजवळ 34 टक्के. म्हणजे एकच आकडा ठेवला तर निर्दोष माणूस अडकतो, स्थानिक आकडे ठेवले तर दोषी सुटतो. म्हणूनच तिळाच्या खुणेचं महत्त्व. म्हशीने सरकी खाल्ली की कडबा, याच्याशी बोदुआँच्या रंगाला देणंघेणं नाही. तक्त्याखाली सगळ्या राज्यांना लागू असणारी अट एकच: बोदुआँ चाचणी निगेटिव्ह.

खुणेचीही मर्यादा

तिळाची खूण जिंकली म्हणून गोष्ट संपत नाही. खूण सापडते ती कायदा पाळणाऱ्या कारखान्याच्या मालातच. भेसळ करणाऱ्याने तीळ नसलेलं तेल किंवा जनावराची चरबी वापरली, तर नळीतला थर पांढराच राहतो. म्हणून पुढे वनस्पतींच्या स्टेरॉलवर आधारलेल्या चाचण्या आल्या, मग गॅस क्रोमॅटोग्राफी आली. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला आणि 1954 चा कायदा इतिहासजमा झाला. अन्न निरीक्षकाचा अन्न सुरक्षा अधिकारी झाला. नावं बदलली, यंत्रं बदलली. पाठशिवणीचा खेळ तोच आहे.

तुमच्यासाठी तीन गोष्टी

तुम्ही नेट-सेट देत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर या सगळ्यातून मी स्वतः काय घेतलं ते सांगते.

एक. तुमचं उपकरण जे मोजतं आणि तुम्हाला जे जाणून घ्यायचंय, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरएम 'शुद्धता' मोजत नाही, उडणारी आम्लं मोजतो. मधली उडी आपण मारतो. ती उडी प्रबंधात स्पष्ट लिहा.

दोन. कुठलाही प्रमाण आकडा वापरण्याआधी विचारा, की तो कुणावरून ठरला? कुठल्या देशात, कुठल्या ऋतूत, कुठल्या चाऱ्यावर? तुमचा नमुना त्या घरातलाच नसेल, तर 'नापास' हा निकाल नमुन्याचा नसून तक्त्याचाही असू शकतो.

तीन. वेगळं आलेलं रिडिंग फेकून देण्याआधी ज्यांनी तो पदार्थ आयुष्यभर हाताळलाय त्यांना विचारा. मी हे सगळ्यात शेवटी केलं, खरं तर आधी करायला हवं होतं.

दिवाळीत घरी गेल्यावर आजीला म्हटलं, तुझं तूप आमच्या लॅबमध्ये नापास झालं होतं. तिला वाईट वाटेल असं वाटलेलं. ती चुलीपुढून मान न वळवता म्हणाली, "अवं पोरी, सरकीचं तूप असंच राह्यते. कडक. सरकी बंद केली का नरम पडते." मेदाम्लांची साखळी लांबली की मेदाचा वितळणबिंदू चढतो, हे मी दोन पेपर वाचून शिकले होते. तिने ते बोटाने ओळखलं होतं.

तिला एवढंच विचारलं, की हे तू मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, "तू इचारलं कधी?"